पद्मिनीचे पार्ट : भाव भंगारवाल्याचा की सोनाराचा?

खडखड_गाडी (कळवा)
मंडळी नमस्कार. घरात १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांची. गाडी चालते, इंजिनाची तक्रार नाही. मला तीन गोष्टी हव्या आहेत : पुढच्या दारातली फिरणारी त्रिकोणी काच फ्रेमसकट (ड्रायव्हरच्या बाजूची), पुढच्या ब्रेकचे दोन व्हील सिलिंडर आणि मागच्या दिव्याची लाल काच.

कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घातला. मुंब्रा, शिळफाटा झालं. ऑपेरा हाउसच्या गल्लीत तर एका दुकानदाराने आधी गाडीचा फोटो दाखवा म्हटलं. मला वाटलं मॉडेल ओळखायला मागतोय. फोटोतलं पॉलिश बघून त्याने भाव सांगितला! दहा-बारा वर्षांपूर्वी जेवढ्या पैशांत अख्खं दार मिळायचं, तेवढ्यात आता दाराचं हँडल मिळतंय, तेही झिजलेलं.

माझा प्रश्न साधा आहे. माल खरंच संपलाय, की लोक दाबून बसलेत?

नौपाडेकर
दाबून बसलेत. पुढचा प्रश्न विचारा.

वरणफळ
विकून टाका की राव. त्या पैशात सेकंडहँड वॅगनआर येईल, एसी असलेली. (पळतो)

सीबी_पॉइंट (पाचपाखाडी)
नौपाडेकर, इतकं सोपं नाही ते. मी नोकरीतली बरीच वर्षं वाहनांच्या सुट्या भागांच्या पुरवठ्यात काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

पद्मिनीचे पार्ट स्वस्त होते ते तुमच्या-माझ्यासारख्या हौशी लोकांमुळे नव्हे. ते टॅक्सीवाल्यांमुळे. नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या घरात टॅक्स्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक पद्मिनी. टॅक्सी म्हणजे रोज दोन पाळ्यांत पळणारी गाडी. तिला क्लच प्लेट लागते, किंग पिन लागते, ब्रेकचं किट लागतं, सायलेन्सर लागतो, आणि वर्षाआड पुन्हा लागतो. या खपावर कुर्ल्यापासून लुधियान्यापर्यंत छोटे छोटे कारखाने जगत होते. कंपनीने २००० च्या आसपास गाडी बनवणं थांबवलं तरी पार्ट मिळत राहिले ते याच कारणाने.

मग सरकारने टॅक्सीला आधी पंचवीस आणि २०१३ पासून वीस वर्षांची मर्यादा घातली. इथे गंमत बघा. मर्यादा आल्याबरोबर पार्ट महाग झाले नाहीत, उलट स्वस्त झाले! कारण हजारो टॅक्स्या एकदम भंगारात आल्या. गिअरबॉक्स किलोवर मिळत होते. ज्यांनी त्या काळात जुन्या गाड्या दुरुस्त करून उभ्या केल्या त्यांना वाटलं की हे असंच चालणार. पण त्याच वेळी नवे पार्ट बनवणाऱ्यांचं गिऱ्हाईक संपत होतं. त्यांनी डाय (साचे) मोडीत काढल्या, काहींनी रिक्षाचे पार्ट बनवायला घेतले. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला, तारदेव आरटीओत. तिची वीस वर्षं २०२३ च्या ऑक्टोबरात भरली. म्हणजे नवा माल आधीच बंद, आणि आता जुन्याची आवकही बंद. आज जे फिरतंय ते साठलेलं पाणी आहे.

कोपरीकर_बंड्या
सीबीकाका, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. वाखु (वाचनखूण) साठवली.

अनघा_नेरुळ
माहितीपूर्ण. पण एक गिऱ्हाईक तुम्ही विसरलात : कॅफेवाले. आमच्या इथे पाम बीच रोडच्या आसपास एका ठिकाणी पद्मिनीचं तोंड कापून भिंतीत बसवलंय, दुसऱ्या ठिकाणी मागचा अर्धा भाग म्हणजे सोफा. दिवे लागतात, हॉर्नही वाजतो. लोक त्यावर बसून पास्ता खातात. त्या एका सोफ्यात दोन टेल लॅम्प, एक डिकीचं झाकण, बंपर, मोनोग्राम असा ऐवज अडकलेला आहे, आणि इंटिरियरवाला त्याचे मागाल ते पैसे देतो कारण बिल मालकाच्या नावाने फाडायचंय.

वरणफळ
धागाकर्ते, पास्ता खायला जाताना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जा.

खडखड_गाडी
@वरणफळ, कल्पना वाईट नाही :) 
@सीबी_पॉइंट, पटलं. पण मग टॅक्स्या कापल्या जात होत्या तेव्हा त्या हजारो काचा गेल्या कुठे? तीच तर काच मला हवी आहे.

शिळफाटा
मी सांगतो. आमचा धंदा भंगाराचाच, वडिलांपासून. एरवी मी इथे फक्त वाचतो, पण "दाबून बसलेत" वाचून राहवलं नाही.

टॅक्सी कापायला यायची तेव्हा आधी इंजिन, गिअरबॉक्स, डायनॅमो, बॅटरी, रेडिएटर काढायचे. रेडिएटरमध्ये तांबं-पितळ, त्याला रोख पैसा. नंतर उरला पत्रा. तो गठ्ठा दाबून जालन्याकडच्या भट्ट्यांना जायचा. भट्टीवाला काचेचं वजन धरत नाही, उलट गठ्ठ्यात काच निघाली तर पैसे कापून घेतो. म्हणून पोरं पहिलं काम काय करायची, तर हातोडा घेऊन सगळ्या काचा फोडायची. तुमची त्रिकोणी काचसुद्धा. कोणाला ठाऊक होतं तिला कोणी विचारेल? दाराची हँडलं, काचेची हँडलं मझॅकची, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूची. ती वेगळ्या पिंपात, वितळवायला. ज्यांचं गोडाऊन मोठं होतं त्यांनी थोडी ठेवली, आमचं मोठं नव्हतं.

आता जागेचं ऐका. शीळ, डायघर, महापे रोडला पूर्वी मोकळी जागा पडीक भाड्याने मिळायची. आता तिथे एक तर टॉवर नाहीतर वेअरहाउस. चौरस फुटाने भाडं. एक फियाटचं (म्हणजे तुमच्या पद्मिनीचंच) दार उभं ठेवायला जागा लागते, महिन्याला भाडं लागतं, पावसात गंज लागतो, आणि गिऱ्हाईक येणार चार वर्षांनी, तो म्हणणार "एवढे? भंगार तर आहे!" चार वर्षांचं भाडं त्या दाराच्या भावात नको का धरायला? त्यात आग. दर उन्हाळ्यात कुठलं ना कुठलं गोडाऊन पेटतंच, पेपरात वाचता ना. विमा आम्हाला कोण देतो?

नौपाडेकर
शिळफाटाभाऊ, तुमचं भाडं मान्य. पण फोटो बघून भाव सांगणारा तुमच्याच धंद्यातला ना? त्याचं भाडं माझ्या पॉलिशवर ठरतं का? आणि इन्स्टाग्रामवर "रेअर व्हिंटेज पार्ट, डीएम फॉर प्राइस" लिहिणारे कोण आहेत? मी एकाला विचारलं, त्याच्याकडे अकरा हब कॅप होते. अकरा! गाडीला चाकं किती असतात? साठेबाजी नाही तर काय म्हणायचं याला?

शिळफाटा
तो आमच्यातला नाही, तो तुमच्यातला. हौशी लोकच आमच्याकडून लॉट उचलतात आणि एकमेकांना विकतात. आम्ही लॉटवर विकतो, नगावर ते विकतात.

कोपरीकर_बंड्या
आई गं. हा बसला नेमका.

ऑक्सफर्ड_मोरे
अँबेसेडर घ्यायची होती. पत्रा बघितलाय का?

कोपरीकर_बंड्या
आले अँबीवाले. आता धागा दोनशे प्रतिसाद जाणार.

ऑक्सफर्ड_मोरे
जाऊ दे की. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ ला बंद पडला, म्हणजे आमची गाडी तुमच्यापेक्षा चौदा वर्षं जास्त निघाली, तेवढे पार्ट ताजे. कोलकात्याला मलिक बाजारात माणूस असला की काम होतं. तरी सीबीकाकांचं गणित आम्हालाही लागू आहे. तिथल्या पिवळ्या टॅक्स्या पंधरा वर्षांच्या नियमाने उतरताहेत, आणि पंधरा वर्षांपुढच्या सरकारी पांढऱ्या गाड्या २०२३ च्या एप्रिलपासून नोंदणीतून बाद झाल्या. म्हणजे आम्हीही त्याच वाटेवर, फक्त थोडे मागे. आत्ताच किंग पिन आणि ट्रनियन (पुढच्या चाकांच्या सांध्याचे भाग) घेऊन ठेवतोय. (नौपाडेकर, हो, साठेबाजी. करा तक्रार.)

गझलगाडी (वाशी)
तुम्ही दोघं श्रीमंत आहात हो. आमच्याकडे स्टँडर्ड हेरल्ड आहे, मद्रासची. सगळे सांगतात, "अरे ट्रायम्फ हेरल्डचीच बहीण, इंग्लंडहून सगळं मिळतं." मिळतंही. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, गॅस्केट, रबर, सगळं तिकडे नवं बनतं, कारण तिकडे क्लब मोठे आहेत आणि लोक वर्षानुवर्षं मागणी धरून आहेत. पण माझी आहे चार दारांची मार्क थ्री. चार दारांची हेरल्ड फक्त भारतात बनली. मागचं दार, त्याची काच, त्याचं रबर जगात दुसरीकडे कुठेच नाही. तिकडच्या विक्रेत्याला फोटो पाठवला तर त्याने मलाच विचारलं, ही दारं तुम्ही घरी बसवलीत का?

आणि आयात स्वस्त नाही. पार्टच्या किमतीएवढी कुरिअर, वर कस्टम ड्यूटी, वर जीएसटी. दोन-तीन जणांनी मिळून एकच खोकं मागवलं तर परवडतं.

एसएस८०_सानपाडा
माझ्याकडे पहिल्या बनावटीची मारुती ८०० आहे, १९८४ ची. हसू नका, आता तीही क्लासिक. लोकांना वाटतं ८०० चे पार्ट काय, नाक्यावर मिळतात. ते १९८६ नंतरच्या गोल कडांच्या मॉडेलचे. पहिल्या चौकोनी गाडीचे दिवे, डॅशबोर्ड, ग्रिल, काही लागत नाही. त्या वेळी निम्मी गाडी जपानहून खोक्यात यायची.

सगळ्यात मोठा विनोद म्हणजे तीच गाडी पाकिस्तानात सुझुकी एफएक्स नावाने भरपूर खपली आणि अजून रस्त्यावर आहे. तिकडचे लोक व्हिडिओ टाकतात, मागे दुकानात माझ्या गाडीचे टेल लॅम्प टांगलेले दिसतात. बघायचं, व्हिडिओ थांबवायचा, पुन्हा बघायचं.

वरणफळ
हा खरा शत्रुपक्ष. त्यांच्याकडे लॅम्प आहेत.

वकिली_चष्मा
थोडं थंड पाणी ओततो. स्वस्त मिळालं की उचलू नका. मेरठच्या सोतीगंजचं काय झालं आठवा. देशभरातल्या चोरीच्या गाड्या तिथे कापल्या जायच्या, २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांनी बाजारच बंद पाडला. काच, हँडल, दिवा यांचं ठीक आहे, त्यांच्यावर नंबर नसतो. पण इंजिन किंवा चासीचा तुकडा घेताना बिल, मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद, तिन्ही हवेत. इंजिन बदललं तर आरसीवर नोंद करून घ्या. ठाणे काय, वाशी काय, आरटीओत फेऱ्या पडतील, पण पुढे गाडी विकताना किंवा पन्नास वर्षं झाल्यावर व्हिंटेज नोंदणी करताना तोच कागद विचारतील.

कोपरीकर_बंड्या
ती व्हिंटेज नोंदणी म्हणजे व्हीए नंबरवाली का? त्याचं किती लागतं?

वकिली_चष्मा
हो. २०२१ चा नियम. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात असलेली खाजगी गाडी. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, पुढचं नूतनीकरण ५,०००. पण ती रोज भाजी आणायला वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच. धागाकर्त्यांच्या १९८४ ला अजून वेळ आहे. त्यांना नेहमीचं फेरनोंदणीचं शुल्क. ते २०२२ ला ६०० चं ५,००० झालं, आणि २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या गाडीला १०,०००.

अनघा_नेरुळ
याचाही पार्टच्या भावाशी संबंध आहे बरं का. शुल्क वाढलं की अर्धवट हौस असलेले लोक गाडी काढून टाकतात. पूर्वी ती शिळफाट्याला जायची आणि तिचे तुकडे आपल्यापर्यंत यायचे. आता अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली की प्रमाणपत्र मिळतं आणि नव्या गाडीवर सवलत. माणूस तिकडेच जाणार. तिथून एक त्रिकोणी काच सोडवून आणणं म्हणजे बँकेच्या लॉकरमधून दुसऱ्याची अंगठी मागण्यासारखं आहे.

शिळफाटा
ताई बरोबर बोलल्या. आमच्याकडे फियाट शेवटची कधी आली आठवत नाही.

दादांचा_लेथ (वागळे इस्टेट)
सगळे रडताय, कोणी कामाचं बोलत नाहीये. माझं छोटं वर्कशॉप आहे, म्हणून सांगतो.

खडखड, व्हील सिलिंडर भंगारातून आणू नका. जगातली शेवटची पद्मिनी असली तरी आणू नका. तो ब्रेक आहे. पडून राहिलेल्या सिलिंडरच्या आत खड्डे पडतात, त्यावर नवं रबर घातलं तरी चार महिन्यांत गळणार. तुमचेच जुने सिलिंडर काढा, लेथवर बोअर करून पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह दाबून बसवा, होनिंग करून (आतून घासून गुळगुळीत करून) मूळ मापाला आणा. झाला नवा. पुढे रबराचं किट. त्यासाठी दुकानात जाऊन "पद्मिनीचं द्या" असं म्हणूच नका! बोअरचं माप सांगा. त्या मापाची रबरं दुसऱ्या गाड्यांनाही लागतात आणि साध्या भावात मिळतात. गाडीचं नाव घेतलं की भाव चढतो.

बेअरिंगचं तेच. त्यावर नंबर कोरलेला असतो, तो नंबर जगभर एकच. ऑइल सीलचं तेच : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. कागदावर तीन आकडे लिहून न्या आणि गाडी घरी ठेवा. निम्मे "मिळत नाही"वाले पार्ट असेच मिळतात.

जे खरंच मिळत नाही ते वेगळं : काच, क्रोम, मझॅकच्या वस्तू, दाराची बीडिंग (कडेची रबरी पट्टी). बीडिंगचं मी एका रबर मोल्डिंगवाल्याशी बोललोय. डाय बनवून देतो म्हणाला, पण शंभर मीटरच्या खाली हात लावणार नाही. क्रोमचं तर विचारू नका. प्लेटिंगवाले प्रदूषणाच्या नियमांमुळे कमी होत चाललेत, जे उरलेत त्यांना बंपरसारखा मोठा तुकडा टाकीत मावत नाही.

सीबी_पॉइंट
लेथदादा, हात जोडले. यात एक भर घाला. मंडळी, वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुन्या कार्बोरेटरची आणि पेट्रोल पंपाची रबरं जास्त वेगाने जाताहेत. पडदा फुगतो, पाइप आतून सुटतो. म्हणून "एकदम ओरिजिनल, सीलबंद, १९९० चं किट" कोणी दुप्पट भावात दिलं तर घेऊ नका. ते रबर जुन्या पेट्रोलसाठी होतं, शिवाय डब्यात पडूनही म्हातारं होतं. इथे नवं, इंधनाला टिकणाऱ्या व्हायटॉनचं, डुप्लिकेट म्हटलं जाणारं रबरच बरं. गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा नाहीतर पूर्ण रिकामी करा.

नौपाडेकर
म्हणजे सीलबंद डबे दाबून बसलेल्यांचं नुकसान. ऐकून बरं वाटलं.

एसएस८०_सानपाडा
थ्री-डी प्रिंटिंगबद्दल कोणीच कसं बोललं नाही? मी डॅशबोर्डची बटणं अशी करून घेतली, महाप्यात एक मुलगा करतो. एएसए नावाचं प्लास्टिक घ्यायचं, ते उन्हात टिकतं. साधं पीएलए एका मे महिन्यात वाकलं. टेल लॅम्पची लाल काचही होऊ शकते : चांगल्या काचेवरून सिलिकॉनचा साचा आणि त्यात रंगीत रेझिन. फक्त एक धड नमुना उसना लागतो.

ऑक्सफर्ड_मोरे
रेझिन पिवळं पडतं.

एसएस८०_सानपाडा
लाल काच पिवळी पडली तर नारिंगी होईल मोरेसाहेब. इंडिकेटर समजा.

गझलगाडी
लेथदादांच्या शंभर मीटरवर मागे जाऊ या. एका पद्मिनीच्या चार दारांना आणि डिकीला मिळून अंदाजे वीस मीटर बीडिंग लागत असेल. म्हणजे पाच गाड्या झाल्या की काम झालं! ठाणे-नवी मुंबईत पाच पद्मिनीवाले नाहीत? मी हेरल्डवाला असून सांगतोय. तिकडचे क्लब हेच करतात. ते भंगार शोधत बसत नाहीत, आधी पैसे गोळा करतात आणि बनवून घेतात. आपण प्रत्येक जण एकटा शिळफाट्याला जातो आणि एकमेकांवर बोली लावून भाव वाढवतो.

नौपाडेकर
पैसे गोळा करणार कोण? गेल्या वेळी एका ग्रुपवर असंच टायरसाठी जमा केले होते. पद्मिनीचे ५.२०-१४, म्हणजे हल्ली कुठेही सहज न मिळणारे. गोळा करणारा गृहस्थ ग्रुप सोडून गेला. टायर अजून यायचेत.

दादांचा_लेथ
माझ्याकडे देऊ नका पैसे. सरळ मोल्डिंगवाल्याच्या खात्यात भरा, पावती प्रत्येकाच्या नावाने. नमुना माझ्याकडे आणून द्या. मी एक गाडी धरतो, गिऱ्हाइकाची आहे.

कोपरीकर_बंड्या
दोन. माझी.

सीबी_पॉइंट
तीन. माझ्या मेव्हण्याची, त्याला संध्याकाळी सांगतो.

नौपाडेकर
पावती देणार असतील तर चार.

खडखड_गाडी
पाच! लेथदादा, सिलिंडर शनिवारी काढून घेऊन येतो. दिव्याची लाल काच उसनी द्यायला कोणी तयार आहे का? साचा करून साबूत परत करीन. आणि त्रिकोणी काचेचं काय करू?

अनघा_नेरुळ
लाल काच घ्या माझ्याकडून. गाडी काकांनी विकली, पण एक दिवा आमच्या शोकेसमध्ये आहे. नेरुळ स्टेशनला येऊन घेऊन जा, रेझिनची एक जास्तीची ओतली तर मला द्या.

शिळफाटा
खडखड, काल पोराला पोटमाळा बघायला लावला. पुढचं एक दार निघालं, ड्रायव्हर बाजूचं. त्रिकोणी काच आहे, फ्रेम आहे, फिरते पण. खालचा पत्रा सडलाय. काच एकटी देणार नाही, मग दार कोण घेणार? पूर्ण दार न्या, भाव इथे लिहीत नाही, नौपाडेकर बसलेत. शुक्रवारी बंद असतो.

नौपाडेकर
पोटमाळ्यावर! दाबूनच ठेवलेलं होतं ना शेवटी!

शिळफाटा
वर नऊ वर्षं पंखे ठेवले होते, खाली दबलं. तुमचा शब्द खरा केला.

खडखड_गाडी
शनिवारी दुपारी येतो. काच काढून घेतल्यावर उरलेलं दार कुठे ठेवू, सोसायटीत आधीच नोटीस लागलीय.

वरणफळ
कॅफेवाल्याला विका. पुढच्या वर्षी त्यावर मेन्यू कार्ड लावलेलं दिसेल.

डिझेल_१३७डी (ऐरोली)
धागा आत्ता पाहिला. माझी पद्मिनी डिझेल आहे, १९९६ नंतर निघाली ती, इटलीच्या एफएनएम इंजिनाची. पेट्रोलवाल्यांचे एवढे हाल तर आमची कल्पना करा. हेड गॅस्केट हवी आहे. माप सांगू की नाव सांगू?

दादांचा_लेथ
जुनी गॅस्केट घेऊन या. फाटलेली चालेल, पण तुकडे सगळे आणा.